चोवीस गाड्या

आमच्या बोरटेकला अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी बारागाड्या ओढल्या जातात, आणि गेली बावीस वर्षं त्या माझे सासरे हिलाल आबा ओढत आले. बैल न जुंपलेल्या बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. त्यांत माणसं खच्चून बसतात. पहिल्या गाडीच्या कडीत आबांच्या कमरेचा लोखंडी आकडा अडकवतात, येळकोटाचा गजर होतो आणि आबा गावदरवाजापासून खंडेरावाच्या देवळापर्यंत ती सगळी रांग ओढत नेतात. मागून लोटायला वीस-पंचवीस जण असतात, हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी पाहिलं आणि बोलूनही दाखवलं. तेव्हापासून घरात माझ्या जिभेचा विषय जो सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

मी सारिका. गावची आशा वर्कर. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचं बीपी बघायचं, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजायची, फॉर्म भरायचा, आकडा जास्त निघाला तर तालुक्याच्या दवाखान्यात, पारोळ्याला पाठवायचं, हे माझं काम. स्वभाव तापट आहे, मान्य. पण सकाळी ज्या मावशीला बजावून यावं की गोळी बंद करू नका, तिनेच संध्याकाळी पारावर हसत हसत सांगावं की बरं वाटलं म्हणून केली बंद, हे ज्याने दहा वर्षं ऐकलंय त्यानेच माझ्या स्वभावाबद्दल बोलावं.

तर आबा. वय बासष्ट, छाती रुंद, मिशा पांढऱ्या, आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरात चहा ठेवायला घ्यावा. गाड्या ओढणाऱ्याला आमच्याकडे भगत म्हणतात. भगताचा मान मोठा, पण आबांची कीर्ती अलीकडे गाड्यांपेक्षा पायांची जास्त झाली होती. वैशाखातलं ऊन, दुपारचे चार, फुफाटा असा तापलेला की कुत्रंसुद्धा सावली बघून रस्ता ओलांडतं. त्यावरून आबा अनवाणी चालायचे ते गालिच्यावरून चालल्यासारखे. त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांना धरून पळणारे दोघे असतात, त्यांना बगले म्हणतात. उजव्या बाजूचा बगल्या धनसिंग, आमच्याच गल्लीतला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. हा गडी त्याच मातीवर लाहीसारखा उडायचा. एक पाय खाली, एक पाय वर, तोंडाने 'ओ माय, ओ माय'. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पोरांनी त्याचं नाव नाच्या धनसिंग ठेवलं होतं.

आबांना कुणी विचारलं, तर ते शांतपणे सांगायचे, "माले चटका लागस नही. खंडेराव मना पायखाले हात धरस."

हे नेहमी असं नव्हतं. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत आबाही पाय उचलत पळायचे, आणि माझ्या सासूबाई झुंबरबाई संध्याकाळी त्यांच्या तळपायांना लोणी चोळायच्या. मधे कधीतरी आबा म्हणाले होते की पायांत मुंग्या येतात. मी 'फार चालत जाऊ नका' म्हटलं आणि भाकऱ्या थापायला गेले. मग मुंग्या गेल्या. मुंग्या गेल्या तसा चटकाही गेला, आणि त्या वर्षी आबांच्या पायांवर डोकं ठेवायला शेजारच्या चार गावांचे लोक आले.

आता एक गोष्ट कबूल करते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सबंध गावाची साखर मोजणाऱ्या बाईने आपल्या सासऱ्याची साखर एकदाही मोजली नव्हती. आबा म्हणायचे, भगताच्या अंगाला सुई लागू नये. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कंटाळले आणि फॉर्मवर अंदाजाने एकशे दहा लिहून टाकलं. पुढच्या वर्षी एकशे आठ लिहिलं, म्हणजे खरं वाटावं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आमच्या घरी तर दिवा मीच होते.

यंदा अखाजीला बारा दिवस राहिले असताना सासूबाई मला गोठ्यामागे घेऊन गेल्या. इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "सारिका, कोनले सांगू नको. तुना सासरा माले डोळा मारस."

मी म्हटलं, "काय?"

"परवा मारा, काल मारा, आज तं देवघरमा मारा. ह्या वयमा काय सुचनं त्याले, देवच जाने." सासूबाई रागावल्या होत्या असं मला वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, हे मी बघून घेतलं.

मी आबांवर नजर ठेवली. डोळा मारत होते हे खरं, पण फक्त सासूबाईंना नाही. म्हशीला मारत होते, घड्याळाला मारत होते, दूधवाल्याला मारत होते. माझी मुलगी मोहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर आबा म्हणाले, दोन कशाला आणले, आणि हात घातला तो तांब्याच्या शेजारी, हवेत. मग एक डोळा मिटला आणि तांब्या बरोबर उचलला. मी जवळ गेले. नीट पाहिलं तर डावं बुबुळ नाकाकडे ओढल्यासारखं झालं होतं.

"आबा, किती दिवस झाले दोन-दोन दिसायला?"

आबांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "आठ दिन व्हयनात. एक डोळा झाका का बठ्ठं बरोबर व्हस. अखाजीपावत कोनले सांगू नको."

मी मशीन काढलं. आबांनी हात मागे घेतला, तीच सबब: गाड्या ओढेपर्यंत सुई नाही. मी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. आपल्याला डोळा मारलाच नव्हता हे त्यांना एव्हाना समजलं होतं, आणि त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "बोट दे. नही तं बठ्ठा गावले सांगी दिसू का तू बायाले डोळा मारस." आबांनी मुकाट्याने बोट पुढे केलं. मशीनवर आकडा आला चारशे अठरा.

माझा नवरा जितेंद्र रावेरला केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, त्या दिवशी गाडी भरून दिल्लीच्या वाटेवर होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आबांना धुळ्याला घेऊन मीच निघाले. पारोळ्याच्या स्टँडवर आबांना दोन बस दिसल्या आणि दोन्हींवरची पाटी लागेना. एक डोळा झाकला तेव्हा त्यांतली एक धुळ्याची निघाली. बसमध्ये समोरच्या सीटवरच्या बाईकडे आबा बघायला लागले की मी मधे पिशवी धरायचे. उगीच गैरसमज नको.

धुळ्याच्या डोळ्यांच्या मॅडम वयाने लहान होत्या, पण बोलायच्या ठाम. त्यांनी आबांना एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा.

"झाकल्यावर एकच दिसतं ना? मग दोन्ही डोळे आपापल्या परीने बघताहेत. त्यांची जोडी तुटली आहे. डोळा बाहेरच्या अंगाला वळवणारी एक नस असते. साखरेने तिचं रक्त अडलं, ती झोपली. साखर आटोक्यात आली तर दोन-तीन महिन्यांत उठेल."

आबांचा चेहरा खुलला. झोपलेली नस उठणार, म्हणजे मिटलं. पण मॅडमनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आत बराच वेळ बघत बसल्या. गाड्या कोणाच्या, किती वाजता ओढायच्या, असं आबा मधेच काही सांगत होते, त्यांना त्या 'हूं' म्हणत होत्या. मग त्यांनी कागदावर एक गोल काढला, त्यात बारीक फांद्या काढल्या.

"हा डोळ्याचा मागचा पडदा. इथून नस मेंदूत जाते, तेव्हा कुठे आपल्याला दिसतं. पडद्याला रक्त नेणाऱ्या या बारीक नळ्या साखरेने गळायला लागल्या आहेत. रक्त कमी पडतं म्हणून शरीराने नव्या नळ्या फोडल्यात, पण त्या कच्च्या आहेत. उजव्या डोळ्यात जास्त. आज लेझर सुरू करू. आणि आबा, जोर लावायचं काम बंद. श्वास कोंडून काही ओढलंत तर त्या फुटतील, डोळा रक्ताने भरेल."

"म्हणजे दोन दिसायचं बंद व्हई?" आबांनी विचारलं.

"एकही दिसायचं बंद होईल," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी पाय वर घ्यायला सांगितले. आबांना ते आवडलं नाही; डोळ्यांच्या दवाखान्यात पायाचं काय काम. मॅडम म्हणाल्या, शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या, साखर आधी तिथून खायला लागते. डोळ्याची ही गत आहे तर पाय बघितल्याशिवाय सोडणार नाही. त्यांच्याकडे पांढऱ्या दांडीला लावलेला नायलॉनचा दोरा होता, मासे धरायच्या दोऱ्याएवढा. आबांनी डोळे मिटायचे, त्या तळपायाला दोरा टेकवणार, कळलं की 'हो' म्हणायचं.

"लागनं," आबा म्हणाले. थोड्या वेळाने, "लागनं." परत, "लागनं." अगदी तालात चाललं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दोरा त्यांच्या खिशात होता. आबा डोळे मिटून आणखी दोनदा "लागनं" म्हणाले, आणि मी त्यांच्या सुनेला शोभणार नाही असं फसकन हसले.

ते हसू तिथेच थांबलं. मॅडम डाव्या टाचेच्या भेगेत चिमटा घालून काहीतरी ओढत होत्या. बाहेर आला तो बाभळीचा काटा, अर्ध्या बोटाएवढा, काळा पडलेला, मागून पू. होळीच्या आधी आबांनी कुंपणासाठी बाभळी तोडल्या होत्या. म्हणजे दीड महिना तो काटा टाचेत घेऊन आबा शेतात गेले, बाजाराला गेले, देवळाच्या पायऱ्या चढले. चिमटा आत असतानाही ते विचारत होते की झालं का सुरू.

मॅडमनी काटा ट्रेमध्ये टाकला. आबांनी एक डोळा झाकून तो पाहिला. खूप वेळ पाहिला. मग मॅडमना नाही, मला नाही, समोरच्या भिंतीला विचारलं, "मंग तीन वरीस मना पायखाले कोन हात धरे?"

मला रडू आलं. मला रडू येतं तेव्हा मी कुणावर तरी ओरडते, पण त्या दिवशी ओरडायला कुणी नव्हतं. मुंग्या मी ऐकल्या होत्या. एकशे दहा मी लिहिलं होतं. परतताना बसमध्ये मी आबांना फॉर्मचं सांगून टाकलं. आबा म्हणाले, "मी बोट दिन्हं नही, तू काय करशी." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले, आणि मला जास्तच वाईट वाटलं. काटा त्यांनी मागून घेतला होता. तो रुमालात बांधून बंडीच्या खिशात ठेवला होता.

तुम्हाला वाटेल, आता आबा शहाण्यासारखे घरी बसले. मला पण तसंच वाटलं होतं. डाव्या डोळ्यावर पट्टी, पायाला बँडेज, पोटात इंजेक्शन, चहा बिनसाखरेचा, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "गाड्या मीच वढसू."

मी पाट आपटला. सासूबाई भाकरी मोडत राहिल्या. फोनवर जितेंद्र म्हणाला, एवढं एक वर्ष ओढू दे, गाव काय म्हणेल. मी त्याला सांगितलं की तू केळी ने, त्यांना तरी लवकर पोचायची घाई असते. पण आबांचं दुखणं मला कळत होतं. गाड्यांचा मान गेला असता तर त्यांनी सोसलं असतं. तीन वर्षं लोकांनी ज्या पायांवर डोकं ठेवलं ते पाय देवाने धरलेले नव्हते, आजाराने मेलेले होते, हे त्यांना गिळवत नव्हतं. गाड्या ओढून त्यांना मॅडमना नाही, खंडेरावालाच विचारायचं होतं. त्यासाठी ते डोळा पणाला लावायला निघाले होते, आणि मला रोज उठून त्या पट्टीकडे बघताना धडकी भरायची की उद्या ती दोन्ही डोळ्यांवर असली तर.

अखाजीच्या आदल्या दिवशी गाड्या गावदरवाजाशी लावतात. आकडा बसतो का, पट्टा ठीक आहे का, हे भगताने बघायचं असतं. त्या दुपारी आबांनी डोळ्यावरची पट्टी काढून खिशात टाकली. देवाच्या कामाला झाकल्या डोळ्याने जायचं नाही म्हणाले. पायात चप्पल मात्र माझ्या धाकाने होती. धनसिंगने पट्टा बांधला. आबांनी हातात आकडा घेतला, कडीत घातला, मागे न बघता 'मल्हार' म्हणाले आणि अंग पुढे झोकून दिलं.

आकडा कडीत नव्हताच. कडीशेजारच्या, फक्त आबांना दिसणाऱ्या कडीत होता.

ते तोंडावर पडायचे, पण धनसिंगने कमरेला मिठी घालून धरलं. दोघेही गुडघ्यांवर आले. धनसिंग हलकेच म्हणाला, "आबा, आकडा लागना नही." आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी याच जागी मागे बारा गाड्या भरून माणसं असणार होती. चालत्या गाडीपुढे आबा असे पडले असते तर काय झालं असतं, ते प्रत्येकाला दिसलं, आणि आबांना सगळ्यांत आधी दिसलं.

आबा पहिल्या गाडीच्या जुवावर बसले. घाम पुसला. खिशातली पट्टी काढून परत डोळ्यावर लावली, तिचे बंद सासूबाईंनी मागून बांधले. मग त्यांनी मला हाक मारली, "सारिका, तुना तो दोरा आन."

धुळ्याच्या मॅडमनी तसला एक दोरा मला दिला होता, गावात कामाला येईल म्हणून. मी पळत जाऊन तो आणि मशीन घेऊन आले. तोवर गावात बातमी गेली होती की आबा नवा भगत ठरवताहेत, आणि आबा देवळाशी येईपर्यंत तिथे निम्मं गाव जमलं. बन्सीलाल सगळ्यांत पुढे होता. चाळिशीचा, किराणा दुकानाचा मालक, अंगाने गाडीचं चाक एकटा उचलेल असा. दर अखाजीला आबांच्या पायांवर डोकं ठेवायचा आणि तिथून लवकर उठायचा नाही. तो छाती पुढे काढून म्हणाला, "आबा, मालेबी दोन वरीस व्हयनात, चटका लागस नही. तुमनीच कृपा शे."

लोकांनी सवयीने जय मल्हार केला. आबा म्हणाले, "बठ. डोळा मीट."

मी पायरीवर बसून बन्सीलालच्या तळपायाला दोरा टेकवला. अंगठा, टाच, मधला भाग. त्याला वाटलं, काही न कळणं म्हणजेच पास होणं. तो हसत बसला होता. "काहीच नही," तो अभिमानाने म्हणाला, आणि पुन्हा जय मल्हार झाला. आबांनी हात वर करून गजर थांबवला. खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि काटा तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर धरला.

"हाऊ काटा दीड महिना मना पायमा व्हता. माले समजनं नही. तुम्ही मना पाय पडनात, मी पडू दिन्हं. ती कृपा नव्हती, साखर व्हती." त्यांनी काटा परत रुमालात बांधला. "ज्याले ज्याले चटका लागस नही, त्यानी मना वहूपुढे बोट धरा. आजच."

बन्सीलालचं बोट मी तिथेच टोचलं. दोनशे नव्वद. त्याचं ते भलं मोठं शरीर पायरीवर हळूहळू लहान होत गेल्यासारखं वाटलं. त्या दिवशी देवळासमोर मी एकोणचाळीस माणसं तपासली, तपासपट्ट्या संपल्या म्हणून थांबले. सात जणांची साखर चढलेली निघाली, त्यांतल्या तिघांना आपल्यावर कृपा झाली आहे असं वाटत होतं. दहा वर्षं मी दारोदार हिंडून जे झालं नाही ते एका काट्याने तासाभरात केलं, आणि याचा मला आनंद झाला तितकाच रागही आला.

शेवटी आबांनी धनसिंगला बोलावलं. तो मागे उभा होता. कुणी आपल्याला बोलवेल असं त्याच्या मनातही नव्हतं. डोळे मिटवून बसवला आणि मी दोरा करंगळीला नुसता लावला, तर गडी दचकून पायरीवरून खाली गेला. "गुदगुल्या व्हतीस," तो ओशाळून म्हणाला. सगळे खो खो हसले. आबा हसले नाहीत. कमरेचा पट्टा सोडून त्यांनी धनसिंगच्या हातात दिला.

"मी? आबा, मी तं नाचस. लोक हसतीन."

"हसू दे," आबा म्हणाले. "ज्याले चटका लागस, त्यानाच देव जागा शे."

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे काळजी नको. श्रावण लागायच्या आत आबांची झोपलेली नस उठली. एका सकाळी त्यांनी पट्टी काढून सासूबाईंकडे नीट, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आते तू एकच शे." सासूबाई म्हणाल्या, एकच पुरे आहे तुला. लेझरच्या तीन फेऱ्या झाल्या, डोळा शाबूत आहे. पायांत मात्र चटका परत आला नाही, येणारही नाही असं मॅडम म्हणाल्या. रोज सकाळी आबा ओट्यावर बसून तळपायाखाली आरसा धरतात आणि देवपूजेइतक्याच मन लावून भेगा तपासतात. खोटे आकडे लिहिलेल्या फॉर्मवर मी काट मारून खरं लिहिलं आणि सही केली, त्याबद्दल वरून बोलणीही खाल्ली.

तर अखाजी. दुपारचे चार. पुरणपोळ्या, सांजोऱ्या, आमरस घराघरांत झालेला, आबांच्या ताटात फक्त भाकरी आणि पातळ रशीची आमटी. सणासाठी झाडांना बांधलेले बायांचे झोके थांबले, सगळं गाव दरवाजाशी. आबा पायात जाड चपला घालून, डोळ्यावर पट्टी लावून पहिल्या गाडीत बसले. बावीस वर्षं गाडी ओढली, पण गाडीत बसलेले त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. कुठला पाय कुठे घ्यावा ते त्यांना कळेना, शेवटी मोहिनीने सरकून जागा करून दिली. मीही त्याच गाडीत, इंजेक्शनची पिशवी मांडीवर घेऊन.

धनसिंगने आकडा कडीत घातला. आबांनी जुवावरून वाकून, हाताने चाचपून खात्री केली. डोळ्यांवर आता त्यांचा भरवसा नव्हता. तापल्या मातीत धनसिंगचं आधीच एक पाय खाली, एक पाय वर सुरू झालं होतं.

"चटका लागस ना रे?" आबांनी वरून विचारलं.

"लागस, आबा. भलता लागस."

"मंग वढ."

येळकोटाचा गजर उठला, भंडारा उधळला, आणि गाड्या हलल्या. धनसिंग नाचत, ओरडत, 'ओ माय, ओ माय' करत पळत सुटला. चटका लागतो म्हणून पाय थांबत नव्हते, पाय थांबत नव्हते म्हणून गाड्याही थांबल्या नाहीत. आबांना जिथे दोनदा दम घ्यायला लागायचा तिथे तो एकदाही थांबला नाही. बाया हसत होत्या, पण या खेपेला पदर तोंडाला नव्हता. देवळाशी गाड्या पोचल्या तेव्हा धनसिंग धावत जाऊन पाण्याच्या टाकीत दोन्ही पाय घालून उभा राहिला, आणि लोक तिथेच, त्या पाण्यात हात घालून त्याच्या पाया पडायला लागले.

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांना जड जाईल. पण त्यांनी हळूच डोळ्यावरची पट्टी वर सरकवली, वळून मागच्या लांबच लांब रांगेकडे पाहिलं, एकेक गाडीवर बोट ठेवत मोजलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "धनसिंग, मी बावीस वरीस बाराच वढ्यात. तू तं आज चोवीस वढ्यात रे भो."